पाठमोरा

सिक्सटन पावणेतीन वर्षांचा, वजन एकोणीस किलो.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात,
याचे पाळण्याबाहेर दिसले होते
पहिल्याच महिन्यात.

नवऱ्याची आई, गुनवोर, म्हणते, वळव आता त्याला.
घोडा झालाय. गुडघे हनुवटीला टेकतात.
आम्ही सहा भावंडं मागच्या सीटवर
बटाट्याच्या पोत्यांसारखी कलंडत जायचो,
कोणी मेलं नाही.
मग जरा थांबते. म्हणते,
म्हणजे, आमच्या घरातलं.

मी हिवाळाभर नगरपालिकेचा बर्फ ढकलते.
पहाटे तीनला ट्रक काढते, तेव्हा लिक्सेलेच्या रस्त्यांवर
माझ्याआधी कोणी नसतं.
कधी कधी असतं, रस्त्याच्या कडेला,
चाकं वर करून.
घरी मी ते सांगत नाही.
घरी एवढंच म्हणते : नाही, वळवायचा नाही.

म्हणून शनिवारी उमिओ. एकशेतीस किलोमीटर जायला,
तेवढेच यायला.
दुकानात फरीबा नावाची बाई, गळ्यात मोजपट्टी, शिंप्यासारखी.
पहिली सीट देखणी, पण अठरा किलोपर्यंतच.
एका किलोनं आमचा मुलगा नापास.
दुसरीत डोकं दोन बोटं वर.
सिक्सटन म्हणाला, ही माझी. लाल आहे.
त्याला उचलून काढला तेव्हा अख्ख्या दुकानाला कळलं.

मी विचारलं, आणि पाय?
फरीबानं पायांकडे पाहिलंच नाही.
दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरलं, जोखल्यासारखं,
मग एक बोट त्याच्या मानेवर ठेवलं.
म्हणाली, पायाचं हाड जुळतं.
वाक्य तिनं तिथंच ठेवलं,
आणि मी ते पुरं केलं नाही.
मला पुढचं माहीत होतं.

तिसरी सीट सिंहासनाएवढी.
किंमत पाहून रुटगेर खिडकीबाहेर बघू लागला.
माझ्या अर्ध्या हिवाळ्याचा जादा वेळ त्या चिठ्ठीवर.
बाहेर उणे चौदा.
फरीबानं हातमोजे दातांनी ओढून काढले,
आमच्या जुन्या व्होल्वोत पट्टे ओवले,
खालचा लोखंडी पाय जमिनीला टेकवून हलवून पाहिला,
आणि म्हणाली, पुढची सीट आणखी पुढे. आणखी.
अजून थोडी.

रुटगेर सहा फूट चार इंच.
आत बसला तेव्हा गुडघे खणाला भिडले,
खण उघडायचा तर आधी दार उघडावं लागेल.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, तो म्हणाला, जरा आत ओढलेल्या आवाजात.
मागे पोरगा मस्त मांडी घालून,
बापाला पाठ करून.

परतीला अंधार तीन वाजताच.
आम्हाला दिव्यांपुढचा पट्टा तेवढा दिसे,
त्याला मागचं सगळं.
पेट्रोल पंप. गेला.
पूल. गेला.
लाकडांचा ट्रक, दिवे, दिवे, गेला.
मग बराच वेळ काही नाही,
आणि एकदम : रेनडिअर होता. उभा होता.
आपल्याकडे बघत होता.

मी रुटगेरला विचारलं, दिसला तुला?
नाही.
मलाही नाही.
रस्त्यावरचं काही चुकत नाही मला, हे माझं कामच.
आरशात पाहिलं : काळे पाइन,
चाकांनी उडालेला बर्फ, आणि त्याच्या टोपीचा गोंडा.
वेग थोडा कमी केला. बोलले काही नाही.

घरी पोचलो तर गुनवोर पायरीवरच,
खांद्यावर शाल, तोंडात उत्तर तयार.
रुटगेर गाडीतून बाहेर आला,
घडीची खुर्ची उघडावी तसा,
एकेक सांधा.
तिनं मागचं दार उघडलं, आत वाकली.

सिक्सटन झोपला होता, तोंड उघडं,
दोन्ही पाय सीटच्या पाठीवर सरळ वर,
भिंतीला शिडी लावावी तसे.

गुनवोर बराच वेळ तशीच वाकून होती.
मग काही न बोलता
तिनं त्याचे बूट काढले, आधी एक, मग दुसरा,
तेवढीच दोन बोटं जागा.